पिसोरीच्या मागावर देवकरबाई

"आधी हात धुऊन या. मग रोलला हात लावा."

माझ्याच स्टुडिओत, माझ्याच काउंटरपलीकडून मला असं सुनावणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो. चाळिशीच्या आसपासची बाई. कानापर्यंत कापलेले केस, अंगात ढगळ खाकी शर्ट, पायांत चिखलानं माखलेले कॅनव्हासचे बूट. मी भेळ खात बसलो होतो, हे खरं. निमूट उठलो, मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले आणि ते दाखवायलाही विसरलो नाही. तेव्हा कुठं त्यांनी खिशातून रोल काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"कधी मिळेल?"

"उद्या या."

"उद्या? छे हो! मी बसते इथंच."

पण देवकरबाई बसणाऱ्यातल्या नव्हत्याच. फिल्म यंत्रात होती तेवढा वेळ त्या स्टुडिओभर फिरत राहिल्या. भिंतीवरचे नवरानवरीचे फोटो निरखून पाहिले, माझा निळा पडदा उचलून मागं काय आहे ते बघितलं, आणि छताच्या कोपऱ्यातली पाल नर आहे की मादी हे मला सांगून टाकलं. खिशातून एकेक शेंगदाणा तोंडात टाकणं चालूच होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मंचरमध्ये रंगीत फिल्म धुवायचं यंत्र माझ्याकडं होतं, म्हणून त्या माझ्याकडं आल्या. छत्तीस फोटो निघाले. त्यातले एकोणतीस एकाच म्हशीचे होते, तेही मागच्या बाजूनं. चारांत नुसतं गवत. दोन काळेकुट्ट. उरलेल्या एकात एक म्हातारा कॅमेऱ्यात डोळा घालून पाहत होता, त्याचं नाक सगळ्या फोटोभर पसरलेलं.

फोटो देताना मला कसंतरीच झालं. बाईंनी मात्र काउंटरवर थाडकन हात मारला. "सलीम, कॅमेरा चालतोय! सगळा पावसाळा अंगावर घेऊनसुद्धा चालतोय!"

माझं नाव त्यांनी दारावरच्या पाटीवर वाचलं होतं. त्या दिवसापासून दहाएक वर्षं, महिन्यातून दोनदा तरी, काउंटरवर ती थाप पडत राहिली.

शैलजा देवकर वन्यजीवांवर संशोधन करायच्या. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या अभयारण्यात त्यांचा मुक्काम असे. वाडीच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं छप्पर, एक टेबल आणि भिंतभर नकाशे. झाडाच्या बुंध्याला त्या कॅमेरे बांधायच्या. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की फोटो आपोआप निघायचा. छत्तीस फोटो संपले की रोल काढायचा आणि मंचरला आणायचा. त्या मूळच्या कऱ्हाडकडच्या, एवढंच मला ठाऊक. घरी कोण, लग्न झालं की नाही, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांना स्वतःबद्दल बोलायला सवडच नसायची. बोलणं सगळं जनावरांचं. उदमांजर, साळिंदर, भेकर, शेकरू. आणि सगळ्यांच्या वर, पिसोरी.

पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, पाय पेन्सिलीसारखे. दिवसा झाडाच्या ढोलीत दडून बसतं आणि चाहूल लागली की दगडासारखं गप्प होतं. बाईंच्या रानात ते असल्याचं म्हातारी माणसं सांगायची, पण फोटो कुणाकडंच नव्हता. नाक पसरलेला तो म्हातारा म्हणजे चिंधूबाबा, वाडीतला महादेव कोळी, बाईंबरोबर सगळं रान हिंडणारा. त्यानं लहानपणी पिसोरी पाहिली होती. "मंग काय तर!" तो म्हणायचा, "ढोलीत हात घातला, तर आत कायतरी गरम गरम. मला वाटलं ससा. तर त्याला खूर व्हते!"

असं काही कुणी सांगितलं की बाईंचा ठरलेला प्रश्न यायचा. "पाहिलं का ऐकलं?" पाहिलं म्हटलं की पुढचे. किती लांबून? उजेड कसा होता? तोंड कुठल्या बाजूला होतं? एखाद्या वकिलानं उलटतपासणी घ्यावी तसे. आणि समोरचा माणूस "ते काय आता आठवत न्हाई" म्हणाला, की बाई खूश व्हायच्या. वहीत लिहायच्या, 'आठवत नाही'. त्यांच्या मते खोटी आठवण सांगणाऱ्यापेक्षा हा माणूस शंभर पटींनी कामाचा.

फिल्मच्या रिकाम्या डब्या त्या माझ्याकडून पिशवी भरभरून न्यायच्या. मला वाटायचं, रोल ठेवायला नेत असतील. एके दुपारी खरा प्रकार कळला.

पारसशेठ स्टुडिओत आले होते. पलीकडच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान. आजोबांच्या काळात मारवाडातून आलेलं जैन कुटुंब, आता बोलणं चालणं सगळं मंचरचं. पुतण्याच्या साखरपुड्याचा रोल त्यांना हवा होता. काउंटरवर बाईंनी आपल्या चार डब्या मांडल्या होत्या. शेठजींनी त्यातली एक उचलली, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं.

"अहो सलीमभाऊ! हे काय ठेवलंय?"

"पाडू नका!" बाई ओरडल्या. "उदमांजराची विष्ठा आहे ती!"

पारसशेठ जागच्या जागी थिजले. टाकावी तर बाई ओरडतात, धरावी तर हातात काय आहे ते कळलेलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. बाईंना मात्र श्रोता मिळाला होता. त्यांनी काडेपेटीतली काडी घेतली आणि शेठजींच्या हातातल्या डबीतच उकरायला सुरुवात केली. "हे बघा, या बारीक बिया उंबराच्या. ही मोठी जांभळाची. जनावर इथं खातं आणि चार शेतं पलीकडं बी टाकतं. न सांगता, न मागता झाडं लावत फिरतं!"

शेठजी वाकून बघायला लागले. "म्हणजे मांस नाही खात?"

"मिळालं तर खातं. तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण या महिन्यात गोळा केलेल्या एकाही डबीत हाडाचा तुकडा नाही. नुसती फळं."

पारसशेठ गंभीरपणे म्हणाले, "चातुर्मास पाळत असणार."

बाई इतक्या हसल्या की त्यांना काउंटरला धरून उभं राहावं लागलं. पुढं कधीही रस्त्यात दिसल्या की शेठजी पलीकडून ओरडायचे, "काय मॅडम, आमचा भाविक काय म्हणतो?" आणि बाई तिथूनच उत्तर द्यायच्या, "आता उपास सुटलाय शेठजी, काल उंदीर खाल्ला!"

एका रोलमध्ये मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. चार बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या होत्या. चौघींचे चेहरे स्वच्छ, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. अभयारण्यातून लाकूड आणायला बंदी. त्यातली सगळ्यांत पुढची चिंधूबाबाची सून, ठकूबाई.

हे बाहेर कसं गेलं कोण जाणे, पण दोन दिवसांनी वनखात्याचे एक साहेब स्टुडिओत आले. योगायोगानं बाई तिथंच होत्या. "तुमच्या कॅमेऱ्यात माणसंही येतात म्हणे," साहेब म्हणाले. "आम्हाला उपयोग होईल."

"माझे कॅमेरे जनावरांसाठी आहेत."

"तरी पण. परवानगी शेवटी आमच्याच हातात असते, मॅडम."

बाईंचा चेहरा लाल झाला. आता काहीतरी भयंकर बोलतील असं मला वाटलं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "परवानगीच्या कागदात काय लिहिलंय ते मला पाठ आहे. त्यात माणसांचे फोटो देणं नाही. तुम्ही लेखी मागा, मी लेखी नाही म्हणते." साहेब चहा न घेताच गेले.

ते गेल्यावर बाई पहिल्यांदाच माझ्या स्टुलावर बसल्या. परवानगी गेली असती तर सगळंच गेलं असतं.

"सलीम, त्या फोटोंची निगेटिव्ह कापून द्या. आणि फोटो चांगल्या कागदावर काढा, मोठे."

रविवारी मला त्यांनी आपल्या एम-ऐंशीवर मागं बसवून वाडीत नेलं. घाटातल्या वळणांवरही त्या हात सोडून झाडं दाखवायच्या. मी डोळे मिटून घेतल्यामुळं त्यांतलं एकही पाहिलं नाही. वाडीत बायका चिंधूबाबाच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. फोटोची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

बाईंनी पाकीट ठकूबाईच्या पुढ्यात ठेवलं. "ही निगेटिव्ह. चुलीत घाला. आता दुसरी प्रत कुठंच नाही. आणि फोटो ठेवून घ्या, चांगले आलेत."

ठकूबाईनं फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "अगं बया, माझी मोळी बघ की! समद्यांत मोठी हाय!"

तिथून जो हशा उसळला, तो चहा उकळेपर्यंत थांबला नाही. बाई ओसरीवर मांडी घालून बसल्या. "आता तुम्हीच सांगा, कॅमेरा कुठं लावायचा नाही." बायकांनी वाटा सांगितल्या, त्यांनी नकाशावर खुणा केल्या. निघताना ठकूबाई उंबऱ्यात आली.

"बाई, ते बारकं हरान हुडकताय न्हवं? ते तुमी लावताय तिकडं नसतंय."

बाई वळल्या. "पाहिलं का ऐकलं?"

"पाह्यलं. दोन डाव."

"किती लांबून?"

"ह्या चुलीपासून त्या उंबऱ्यायेवढं. कोंडीच्या ओढ्याला आडवं झाड पडलंय पोकळ, त्येच्यात शिरलं. पाठीवर तांदूळ सांडल्यावानी ठिपकं व्हतं. आन् कडंनं पट्टं."

बाईंची पेन्सिल थांबली. ठिपके आणि पट्टे. पुस्तकात होतं तेच, आणि ठकूबाईनं पुस्तक कधी उघडलेलं नव्हतं. "तीन वर्षं!" बाई स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाल्या. "तीन वर्षं मी म्हाताऱ्यांना विचारत फिरतेय आणि तुम्ही रोज तिथून जाता!"

"आमाला कोन इचारतंय?" ठकूबाई म्हणाली.

हे सगळं अगदी वेळेवर घडलं म्हणायचं. पुण्याच्या समितीचं पत्र आलेलं होतं. तीन वर्षांत पिसोरीचा पुरावा नाही, तेव्हा काम पुढं चालू ठेवायचं कारण दिसत नाही. आठ दिवसांनी, सोमवारी बैठक, तिथं येऊन काय ते सांगा. मला वाटलं बाई चिडतील. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. माझ्याकडं नुसत्या पावलांच्या खुणा आहेत. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं." मग एक शेंगदाणा तोंडात टाकून पुढं म्हणाल्या, "पण मी त्यांच्या जागी नाहीये ना!"

कोंडीच्या ओढ्यावर कॅमेरा बांधून वळताना शेवाळावरून त्यांचा पाय सटकला. नडगीचं हाड मोडलं. वाडीतल्या माणसांनी डोली करून त्यांना सडकेपर्यंत आणलं, तिथून जीपनं मंचरच्या दवाखान्यात. मी भेटायला गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला आणि बाई तक्रार करत होत्या, ती पायाची नव्हे. "चिंधूबाबाला सांगितलंय, शनिवारपर्यंत कॅमेऱ्याजवळ फिरकायचं नाही. तो ऐकेल ना हो?"

बाबानं ऐकलं. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला एसटीचा कंडक्टर स्टुडिओत आला. हातात फडक्यात गुंडाळलेली डबी.

"सलीमभाऊ तुमीच ना? वाडीच्या बाबानं दिलीय. म्हणलाय, भाऊच्या हातातच द्या, उघडू नका. अंड्यावानी आणलीय राव!"

अकराला भारनियमनामुळं वीज जायची. हातात पाऊण तास होता. मी हात धुतले, फिल्म यंत्रात घातली. ती औषधात उतरली असेल नसेल, तोच दिवे गेले. अर्धा तास आधीच! यंत्राचा आवाज बंद पडला. फिल्म तशीच औषधात राहिली तर काळी पडणार, मग त्यात पिसोरी असो नाहीतर म्हैस. यंत्राच्या बाजूला हातानं फिरवायचा दांडा असतो. विकत घेतल्यापासून मी त्याला कधी हात लावला नव्हता. तो धरला आणि मनात आकडे मोजत फिरवत सुटलो. फार जोरात नाही, फार हळूही नाही. शर्ट पाठीला चिकटला. शेवटी पलीकडच्या फटीतून फिल्मचं टोक बाहेर आलं तेव्हा माझे दोन्ही दंड भरून आले होते.

दारात जाऊन ती उन्हाकडं धरली. पहिल्या काही चौकटी रिकाम्या. मग एक साळिंदर. मग पुन्हा रिकाम्या. बावीस नंबरला मी थांबलो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, पांढरं ते काळं. आडव्या झाडाच्या तोंडाशी एक छोटंसं जनावर उभं होतं आणि त्याच्या अंगावर बारीक काळे ठिपके होते. ओळीनं.

स्टुडिओला कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही. फिल्म गळ्यात, भिंग खिशात, मी हायवेच्या कडेनं पळत सुटलो. पारसशेठ दुकानाच्या पायरीवरून ओरडले, "काय झालं?" मी थांबलो नाही, तसे तेही धोतराचा सोगा धरून मागं निघाले.

मी वॉर्डच्या दारात पोचताच बाईंनी खाटेवरून माझा चेहरा पाहिला. "बोलू नका!" त्या ओरडल्या. "एक शब्द बोलू नका, सलीम! मला बघू दे."

मी फिल्म आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ती खिडकीकडं धरली आणि पहिल्या चौकटीपासून सुरुवात केली. एकही न गाळता. मी आणि पारसशेठ श्वास धरून उभे. साळिंदर आलं तेव्हा "छान" म्हणाल्या. अठरा. एकोणीस. वीस. एकवीस. बावीसवर भिंग थांबलं ते थांबलंच.

मग अगदी बारीक आवाजात, "तारीख आहे. वेळ आहे. पाय बघा. ठिपके बघा. ससा नाही. भेकराचं पिल्लू नाही." आणि मग भिंग पुढच्या चौकटीवर सरकलं, आणि त्यांनी जी किंकाळी फोडली, तिनं नर्स पळत आली, शेजारच्या खाटेवरची आजी उठून बसली.

"दोन आहेत! सलीम, दोन आहेत! मागं पिल्लू आहे!"

मला ते दिसलंच नव्हतं. आईच्या मागच्या पायांआड, ओंजळीत मावेल एवढं. बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नर्सला भिंग दिलं, आजीला दिलं, पारसशेठना दिलं. शेठजींनी एक डोळा मिटून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

दुपारी वीज आल्यावर मी फोटो काढले. पहिली प्रत पुण्याला नव्हे, संध्याकाळच्या एसटीनं वाडीला गेली. तसा बाईंचा हुकूमच होता. सोमवारी पारसशेठांच्या कापडाच्या गाडीत, मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय आडवा टाकून त्या बैठकीला गेल्या. काम आणखी तीन वर्षं चालू राहिलं.

वाडीत फोटो पाहून ठकूबाई म्हणाली म्हणे, "आमी सांगत व्हतो तवा खरं न्हवतं, आन् कागदावर आलं की खरं झालं व्हय?" हे बाईंनीच मला सांगितलं, जराशा ओशाळून. मग पिशवीतून अहवाल काढून एक पान उघडलं. नोंदींच्या तक्त्यात सगळ्यांत वर ठकूबाईचं नाव होतं. प्रत्यक्ष पाहणी, दोन वेळा, अंतर अंदाजे बारा फूट. फोटोची नोंद तिच्याखाली, दुसऱ्या नंबरला.

पुढं डिजिटल कॅमेरे आले. रोल संपले, माझं यंत्रही धूळ खायला लागलं. बाईंना मंचरला यायचं कारण उरलं नाही, तरी जाता येता डोकावायच्या, लॅपटॉप काउंटरवर उघडून पिसोरीचे फोटो दाखवायच्या. आता ते शेकड्यांनी होते, आणि बाई प्रत्येकावर पहिल्याइतक्याच उड्या मारायच्या. मग त्यांचं काम दक्षिणेकडच्या कुठल्याशा जंगलात लागल्याचं कळलं.

शेवटचं पाहिलं ते एका ऑक्टोबरात. भर दुपारी हायवेवर हॉर्नचा कल्लोळ उठला म्हणून मी बाहेर आलो. कांद्याचे ट्रक, एसट्या, जीपगाड्या, दोन्ही बाजूंनी रांग लागलेली. अपघात झाला की काय म्हणून पुढं गेलो, तर रस्त्याच्या मधोमध देवकरबाई उकिडव्या बसलेल्या. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांच्यासमोर डांबरावर एक हिरवागार शॅमेलिऑन सरडा होता. एक पाय उचलायचा, पुढं मागं झुलायचा, विचार करायचा, मग तो पाय टेकवायचा. बाई त्याच्यापुढं एक वाळकी काठी धरून चढायची विनंती करत होत्या आणि तो काही मनावर घेत नव्हता.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर तणतणत खाली उतरला. "ओ बाई, रस्ता तुमच्या..." एवढं बोलून तो थांबला. खाली वाकला. "आयला, ह्याचं डोळं येगयेगळं फिरत्यात की!"

"बसा, बसा खाली. तुमची सावली त्याच्यावर पडतेय," बाई म्हणाल्या. आणि तो बसला.

दोघं तसे किती वेळ बसले होते, सांगता येत नाही. मागचे हॉर्न वाजवून दमले. अखेर त्या सरड्यानं काठीवर एक पाय टाकला, मग दुसरा, शेपटीचा वेढा घातला. बाई अगदी सावकाश उठल्या. काठी दोन्ही हातांनी समोर धरून, एखादं काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशा, रस्ता ओलांडून पलीकडच्या करवंदीकडं चालू लागल्या. ड्रायव्हर एका हातानं गाड्या थोपवत त्यांच्या बाजूनं चालला होता.

मी हाक मारली. त्यांनी ओळखलं. हात हलवायला मोकळा नव्हता, म्हणून तोंडभर हसून मान हलवली आणि डोळ्यांनी काठीकडं खुणावलं, बघा, बघा म्हणून. मग त्या झुडपांत शिरल्या.